जोडवी

टेपवाडीला चढणाऱ्या वाटेवर बरोबर अर्ध्यात एक विसावा आहे. दोन उभे दगड आणि त्यांवर एक आडवी शिळा, माणसाच्या छातीएवढ्या उंचीची. डोक्यावरचा भार कुणाच्या हाताची वाट न बघता उतरवता यावा म्हणून जुन्या कुणीतरी रचून ठेवलेली. गवताचे भारे, लाकडाच्या मोळ्या, दुधाच्या किटल्या, सगळं इथं टेकतं. खांद्यावरून खाली न्यायचं माणूससुद्धा इथं एकदा टेकतं, मग ते दवाखान्यात जायचं असो की ओढ्याकाठी जाळायला.

निशिगंधाचा दवाखानाही तिथंच भरायचा.

ती खालच्या गावातल्या उपकेंद्राची नर्स. माहेर महाडजवळच्या नाते गावचं, नोकरी पोलादपूरच्या डोंगरात. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक खाट, एक लशींचा डबा आणि मोबाईलमध्ये भरायची बारा प्रकारची माहिती. खाली दोन गावं आणि वर नजर जाईल तिकडे वाड्या, मोजून नऊ. त्यात टेपवाडी सगळ्यात उंच. पंधरा-सोळा घरं धनगरांची, म्हशी राखणारी, उतारावर नाचणी-वरी करणारी. दरडीच्या वर्षी वरच्या वाटेचा एक तुकडा डोंगराबरोबर खाली गेला, तेव्हापासून तिथं घसाऱ्यावरून जायचं, हातांनी झुडपं धरून.

दोन वर्षांपूर्वी आषाढात त्या घसाऱ्यावर निशिगंधाचा पाय सटकला आणि गुडघा सुजला. वाडीतला रायबा तिला धरून खाली घेऊन आला. सत्तरीला टेकलेला माणूस, पण उतारावर शेळीसारखा. विसाव्यावर टेकल्यावर तो म्हणाला, "बाय, आता दोन म्हयनं तू अर्ध्यावर ये, आमी अर्ध्यावर येतो. डोंगराची वाटनी करून घेऊ."

गुडघा दोन महिन्यांत बरा झाला. वाटणी मात्र तशीच राहिली.

महिन्याच्या ठरल्या दिवशी ती विसाव्यावर यायची आणि तोंडाभोवती हात धरून वर हाळी घालायची. डोंगर ती हाळी उचलून घ्यायचा, वरून कुणाचं तरी "ओऽ" यायचं, आणि मग झाडीतून रंगीत पातळं एकेक करत उतरू लागायची. कडेवर लेकरं, पोटात लेकरं. परत जाताना त्यांना तासभर चढायचं असतं, हे निशिगंधाला ठाऊक होतं. ठाऊक असलेल्या गोष्टीकडे रोज पाठ करून बसलं की ती हळूहळू पाठीमागचं झाड होते. मोबाईलमध्ये ती 'गृहभेट' लिहायची. कुठल्या घराचं दार कुठल्या अंगाला आहे, हे ती विसरत चालली होती.

*

मार्चची दहा तारीख. ऊन आताच तापायला लागलेलं. दुपारी दोनला पोलादपूरला मीटिंग होती. मागच्या खेपेला उशीर झाला म्हणून तिला सगळ्यांसमोर उभं करून जाब विचारला होता. तिच्याबरोबर आशाताई तेजश्री होती, खालच्या गावची सून, लशींचा डबा खांद्याला लावून आलेली.

सगळ्यात शेवटी अमिता उतरली. रायबाची धाकटी सून, पहिलटकरीण, आठवा संपत आलेला. नवरा विनोद मुंबईला एका हॉटेलच्या भटारखान्यात. ती आली ती विसाव्याच्या दगडाला हात लावून उभीच राहिली. बसायलाही दम नव्हता.

"बस गो, बस. काय अमिता, पाय रिकामे?" हाताला बीपीचा पट्टा बांधता बांधता निशिगंधाने विचारलं.

अमिताने पाय ओढून साडीखाली घेतले. "जोडवी रुतत्यात सिस्टर. काल साबन लावून काढली. पदराला बांधल्यात."

"रुततायत, की नवरा मुंबईला म्हणून पायांना सुटी दिलीस?"

बायका खदखदल्या. तेजश्री म्हणाली, "विनोदभावजींना फोन लावू काय?"

"लाव लाव," दगडाच्या सावलीतली एक म्हातारी म्हणाली, "त्याला म्हनावं, बायकू पुन्यांदा कुवारी झाली. आता नवं वऱ्हाड घिऊन ये."

पुन्हा हसणं. अमिताही हसली, खाली बघून. मग तिनं पदराची गाठ सोडली, बाटलीतलं पाणी बोटांवर ओतलं आणि जोडवी परत आत दाबली. चांदी सांध्यावरून पलीकडे गेली तेव्हा तिनं खालचा ओठ दातांत धरला. निशिगंधाला ते दिसलं. दिसलं, पण तेवढ्यात यंत्रावर आकडे आले होते, म्हणून तिनं मान तिकडे वळवली.

एकशे पन्नास, शंभर.

"उतरून आलीस ना, धाप आहे. दहा मिनिटं बस."

दहा मिनिटांत तिनं दोन बाळांना लस दिली. दुसऱ्यांदा पट्टा बांधला. एकशे अठ्ठेचाळीस, अठ्ठ्याण्णव.

पुढं काय करायचं ते तिला पाठ होतं. नडगीवर अंगठा दाबायचा, खळगा राहतो का बघायचं. लघवी तपासायची. आणि आजच्या आज बाईला बरोबर घेऊन खाली जायचं, गाडी करायची, डॉक्टरांपुढे उभं करायचं. पण विसाव्यावर सगळ्यांचंच थोडं जास्त येतं. बाई उतरून आलेली असते, ऊन असतं. दोन वर्षांत निशिगंधाला एक सवय लागली होती: यंत्र सांगेल त्यातून डोंगराचे वीस वजा करायचे. हा हिशेब कुठल्या पुस्तकात नव्हता, त्या दगडावर बसूनच तिनं शोधला होता. आणि वजा करायचंच म्हटल्यावर माणूस वीसवर थांबत नाही.

तिनं अमिताच्या कार्डावर लिहिलं, १२०/८०.

"सिस्टर, डोकं बी लई..."

"ऊन लागलंय. डोक्याला फडकं बांधून जा. मीठ कमी खा. पुढच्या महिन्यात बघू."

अमिताने कार्ड पिशवीत घातलं. चढावर ती दर दहा पावलांवर थांबत होती. निशिगंधा तोवर अर्धा डोंगर उतरूनही गेली. मीटिंगला ती वेळेवर पोचली.

*

वीस तारखेला सकाळी दहाच्या सुमाराला ती उपकेंद्राच्या ओसरीवर मोबाईलमध्ये माहिती भरत होती, तेव्हा वरून हाळी आली. खालून हाळी घालायची सवय तिची. वरून आलेली तिनं दोन वर्षांत ऐकलीच नव्हती. रायबाचा आवाज. शब्द कळत नव्हते, पण हाळी लांबवायची असते तशी ती लांबत नव्हती, तुटत होती.

तिनं पिशवी उचलली, रुग्णवाहिकेला फोन लावायला तेजश्रीला सांगितलं आणि पळत सुटली.

विसाव्यावर ती आणि झोळी एकदमच पोचल्या. एका बांबूला घोंगडं बांधलेलं, चार गड्यांच्या खांद्यांवर. त्यांनी बांबू शिळेवर टेकवला. घोंगड्यात अमिता होती. डोळे पांढरे, जीभ चावलेली, ओठांच्या कडेला लालसर फेस. मागोमाग रायबा आणि त्याची बायको गोदूबाई. गोदूबाई अनवाणी आली होती. तिच्या एका पायातून रक्त येत होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"झटकं आलं गो बाय. चुलीम्होरं बसली व्हती, तशीच मागं पडली. दोनदा आलं. काय तरी कर गो, तुज्या पाया पडते."

यंत्र म्हणालं एकशे ऐंशी, एकशे वीस. त्यातून वजा करण्यासारखं काही नव्हतं.

झटके थांबवायचं इंजेक्शन पिशवीत होतं. ते कसं द्यायचं हे ती शिकलेली होती. तिनं ते दोन्ही कुल्ल्यांत खोल दिलं. अमिताला कुशीवर वळवलं. तोंड पुसलं. तेव्हा पाय घोंगड्याबाहेर आले. पावलं गव्हाच्या कणकेसारखी फुगलेली आणि त्यांत जोडवी दिसेनाशी झालेली. कुंपणाची तार वाढत्या झाडाने गिळावी तशी बोटांनी चांदी गिळली होती. कडेची कातडी काळीनिळी.

"चला," निशिगंधा म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

रुग्णवाहिका डांबरी रस्त्यावर उभी होती. चालक धम्मपाल महाडचाच. गाडी सुरू करतानाच तो म्हणाला, "आज वीस मार्च. महाडात पाय ठेवायला जागा नसेल. पण काळजी करू नका ताई, आपली माणसं वाट देतील."

आणि खरंच, चवदार तळ्याकडे जाणारी गर्दी, पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, खांद्यावर बसलेली लेकरं, गाडीचा आवाज ऐकताच मधोमध दुभंगली. पोरांनी हातांची साखळी करून रस्ता धरून ठेवला. गाडी क्षणभर थांबली तेव्हा खिडकीतून एका अनोळखी बाईनं पाण्याची बाटली आत दिली. "घ्या ताई. तुमच्या कपाळावर बघा किती घाम. तुमच्यासारख्या आहेत म्हणून..." गाडी हलली आणि वाक्य मागं राहिलं. निशिगंधा पाणी प्यायली. तिला वाटलं, आपण हे चोरून पीत आहोत.

*

दवाखान्यात बाई डॉक्टरांनी आधी कार्ड मागितलं. गोदूबाईने प्लास्टिकच्या पिशवीतून ते काढून दिलं, देवाचं काही काढावं तसं दोन्ही हातांनी.

डॉक्टरांनी शेवटची ओळ वाचली. "दहा दिवसांपूर्वी एकशे वीस, ऐंशी. तुम्हीच घेतलं?"

"हो."

"मग एकदम चढलं म्हणायचं. होतं असं कधीकधी." त्यांनी कार्ड परत दिलं. "इंजेक्शन वाटेतच दिलंत ते फार बरं केलंत. नाहीतर आई गेली असती."

खरं बोलायला जागा होती, एका वाक्याएवढी. निशिगंधाने ती तोंड मिटून भरून काढली.

आतून डॉक्टरांचा आवाज आला, "जोडवी कापावी लागतील. रक्तपुरवठा तुटलाय बोटांचा." वॉर्डातले मामा छोटं कटर घेऊन आले. एकदा कट्. मग दुसऱ्यांदा. चार तुकडे स्टीलच्या ट्रेमध्ये वाजले. परिचारिकेने ते कापसात गुंडाळून निशिगंधाच्या हातात दिले. "नातेवाइकांना द्या."

ती बाहेर आली. गोदूबाई भिंतीला टेकून खाली बसली होती. निशिगंधाला बघताच तिनं तिचा हात ओढून आपल्या गुडघ्यावर घेतला.

"बाय, तुला म्हाईत हाय ना, हिनं जोडवी काढली व्हती? मला बायांनी सांगितलं. तूच टोकलीस तिला इसाव्यावर. नवरा जिता, वटी भरलेली, आन् पाय रिकामं! तू बोललीस म्हनून तरी परत घातली. पन कोप व्हायाचा त्यो झालाच."

"आजी, तसं नसतं..."

"असतंय गो. तुज्या कागदात तर समदं बरूबर व्हतं. मंग ह्ये कुटून आलं? सांग मला, कुटून आलं?"

तेवढ्यात दार उघडलं. मुलगी झाली होती. चौदाशे ग्रॅम. रडली होती, पण मांजराच्या पिल्लासारखं. आई वाचेल असं डॉक्टर म्हणाल्या. गोदूबाई तिथंच फरशीवर डोकं टेकून रडू लागली, आणि तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं. राहून गेलं असं निशिगंधा स्वतःला सांगत राहिली. कापसातले तुकडे तिनं कोटाच्या खिशात घातले.

संध्याकाळी विनोद मुंबईहून आला, पाठीला सॅक, डोळे लाल. "थँक्यू हां सिस्टर. तुम्ही टाईमपे होत्या म्हणून बच गई ती. आई सांगत होती, सब चेकिंग वगैरे ओके होतं. हिनंच घोळ घातला." मग तो काचेच्या पेटीतल्या लेकीकडे गेला. बायकोच्या खाटेकडे गेला नाही.

*

पुढच्या मीटिंगमध्ये तिच्यासाठी टाळ्या वाजल्या. "दुर्गम भागात प्रसंगावधान राखून" असं काहीतरी कुणी वाचून दाखवलं. एक फोटोही काढला. त्या फोटोत निशिगंधाचा एक हात कोटाच्या खिशात आहे.

टेपवाडीची खबर तेजश्रीकडून यायची. अमिता घरी आली होती. बाळ अजून महाडला पेटीत होतं; गोदूबाई आणि थोरली जाऊ पाळीपाळीने तिथं राहत होत्या. अमिताला मात्र कुणी दुधाच्या भांड्याला हात लावू देत नव्हतं. देवापुढं दिवा लावायचा नाही. "बोलत कुणी नाही हो तिला," तेजश्री म्हणाली, "पण तिच्यादेखत एकमेकींना बोलतात. नवऱ्याच्या जिवावर उठली होती, ते लेकरावर गेलं म्हणतात. विनोदभावजी परत मुंबईला गेले, फोन पण वहिनीकडं लावतात, हिच्याकडं नाही. आणि ही गप्प. जोडव्यांचे वण आहेत पायावर, ते झाकून बसते."

"तू काही बोललीस का गो?"

"मी काय बोलू? तुमच्याबरोबर मी पण हसलेच होते की."

त्या वाक्यानंतर निशिगंधाचं जेवण अर्ध्यावर आलं. अंघोळीला बसली की पायांच्या बोटांकडे नजर जायची. कोट धुवायला टाकताना खिशातला कापूस काढायचा आणि वाळला की परत ठेवायचा. चार तुकडे, शेंगदाण्याएवढे. इतकं हलकं काही तिनं आजवर वाहिलं नव्हतं, आणि ते टेकवायला विसावा सापडत नव्हता.

एप्रिलच्या शेवटी बाळ घरी आलं आणि रायबा स्वतः उपकेंद्रावर आमंत्रण घेऊन आला. डोक्याचा फेटा नवा. "बाय, रविवारी बारसं हाय. दिस टळून गेलं, पन पोर घरला आली तवाच बाराव्वा दिस धरायचा. तू यायचंस. आन् ऐक, म्हातारी म्हनते, पोरीचं नाव तुजंच ठेवायचं. निशिगंधा. आमच्या तोंडाला जड जातंय, पन शिकू हळूहळू." तो हसला. त्याचे चार दात उरले होते.

"आबा, नाव नको माझं."

"नगं कसं? तू नसतीस तर पोर असती व्हय? ठरलं समदं. आत्या बोलावल्यात."

तो गेल्यावर ती खाटेवर बसून राहिली. आपलं नाव एका लेकराला जन्मभर पुरणार. शाळेत हजेरीला, लग्नाच्या पत्रिकेत. आणि त्या लेकराची आई त्याच घरात पाय झाकून बसणार, ते नाव दिवसातून शंभरदा ऐकत.

*

रविवारी ती निघाली. विसाव्यापाशी पाय सवयीनं थांबले, गळा हाळी घालायला तयार झाला. तिनं ती हाळी गिळून पुढचं पाऊल उचललं. वरची वाट आता तिच्यासाठी नवीच होती. घसारा आला, तिनं झुडपं धरली. पलीकडे पोचून मागं बघितलं.

गुडघा दुखला नव्हता. तिला सगळ्यात जास्त तेच लागलं.

वाडीत अंगणावर जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव होता. म्हशी गोठ्यात बांधलेल्या, त्यांच्या गळ्यातल्या घंटा मधूनच वाजत होत्या. "नर्सबाय आली, नर्सबाय आली," पोरी ओरडल्या. तिला घोंगडी अंथरून मानानं बसवलं, हळदकुंकू लावलं. गोदूबाईनं नारळ आणि खण तिच्या ओटीत घातला. पाळणा आढ्याला टांगलेला, त्यात पोर झोपलेली. आत्या दोन्ही बाजूंना. विनोद रजा काढून आला होता, मांडवाच्या खांबाला टेकून उभा. आणि अमिता उंबऱ्याच्या आत, दाराच्या सावलीत, पाय पोटाशी घेऊन. तिच्याच लेकीच्या बारशाला ती पाहुणीसारखी बसली होती. नाही, पाहुणी मांडवात बसली होती.

गोदूबाईनं पाळण्याची दोरी हातात घेतली आणि गळा लावला. म्हातारीचा आवाज चिरका, पण आत गोडवा होता, जुन्या गुळासारखा.

*पयली माझी ओवी, टेपाच्या गो वाटंला*
*नर्सबाय आली, माझ्या सुनंच्या गाठीला*

बायकांनी शेवटचा शब्द झेलला.

*दुसरी माझी ओवी, इसाव्याच्या धोंड्याला*
*सुईनं बांधली, गाठ सुटल्या गोंड्याला*

"वा गो म्हातारे!" कुणी म्हणालं. गोदूबाई लाजून हसली. "आता तिसरी नाव ठिवून झाल्याव. घ्या गो आत्यांनो, कानात सांगा पोरीच्या."

थोरली आत्या पाळण्यावर वाकली.

"थांबा," निशिगंधा म्हणाली.

ती उठली तेव्हा ओटीतला नारळ घरंगळून मांडवभर गेला. कुणी तो उचलला नाही.

"आजी, अमिताचं कार्ड आणा."

"आता? काय झालं गो?"

"आणा ना."

थोरल्या सुनेनं कार्ड आणून दिलं. निशिगंधाने ते उघडून दहा मार्चची ओळ काढली, खिशातून पेन काढलं. मग मोठ्याने, पण कुणाच्याच तोंडाकडे न बघता बोलली.

"इथं मी एकशे वीस, ऐंशी लिहिलंय. ते खोटं आहे. विसाव्यावर अमिताचा रक्तदाब एकशे अठ्ठेचाळीस, अठ्ठ्याण्णव होता. दोनदा घेतलं, दोनदा जास्त आलं. म्हणजे तिला त्याच दिवशी खाली न्यायला हवं होतं. मला मीटिंगला जायचं होतं. मी म्हटलं, उतरून आलीय म्हणून असेल. तिला झटके आले ते त्यामुळे. जोडव्यांमुळे नाही."

घंटा वाजली एका म्हशीची.

"मंग जोडवी..." गोदूबाई थांबली.

"पायाला सूज आली म्हणून ती रुतत होती. ते दुखणंच सांगायला ती आली होती, आजी. त्याच दुखण्याचं ते लक्षण. ते ओळखायचा मला पगार मिळतो. आणि मी तिची थट्टा केली. तुमच्या कानावर आलं ना, मी टोकलं म्हणून? टोकलं नव्हतं. हसले होते."

तिनं जुन्या आकड्यावर एक रेघ मारली, खरा आकडा लिहिला, खाली सही केली. मग खिशातला कापूस काढून उंबऱ्यापाशी गेली आणि अमितापुढं खाली ठेवला. चार तुकडे उघडे झाले.

रायबा घसा खाकरून म्हणाला, "डोंगराची वाटनी मीच केली व्हती बाय. तुजं एकटीचं..."

"दोन महिन्यांसाठी केली होती, आबा."

रायबानं मान खाली घातली. विनोद खांबापासून सुटला, निशिगंधाकडे बघितलं, मग बायकोकडे, आणि मांडवाबाहेर जाऊन पाठमोरा उभा राहिला.

अमिताने तुकड्यांना हात लावला नाही. ती आज पहिल्यांदाच बोलली, इतक्या हळू की मागच्या बायका पुढं सरकल्या.

"सिस्टर, तवा समद्या हसल्या. मी बी हसले. मला वाटलं, तुमी हसताय म्हंजे काय नसंल."

शिवी दिली असती तर निशिगंधाला उभं राहता आलं असतं. ती तिथं उंबऱ्यासमोर खाली बसली, आणि तिला वर बघता येईना.

मग गोदूबाईचे पाय तिच्या बाजूनं गेले. भेगाळलेले, टाचेला जुनी जखम. म्हातारी सुनेपाशी थांबली. तिनं दोनदा पदर सारखा केला.

"ऊठ," शेवटी ती म्हणाली. "हितं काय बसलीस अंधारात? पाळन्यापाशी बस. पोर तुजी हाय."

अमिता उठली. तिच्या बोटांवरचे काळे वण उन्हात आले. तिनं ते झाकले नाहीत.

"नाव?" थोरल्या आत्यानं विचारलं. सगळ्यांनी म्हातारीकडे बघितलं. म्हातारीनं सुनेकडे बघितलं.

"दिशा," अमिता म्हणाली. जणू तिनं ते महिनाभर तोंडात धरून ठेवलं होतं.

आत्या वाकली. पोर जागी झाली आणि रडू लागली, आता चांगलं खणखणीत. कुणी गाणं म्हटलं नाही. निशिगंधाला कुणी जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. ती उठून वाटेला लागली. मांडवाच्या कडेला तेजश्री नारळ हातात घेऊन उभी होती. देऊ की नको असं तिचं झालं होतं. निशिगंधाने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तिनं आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांना अर्ज लिहून दिला, होतं ते सगळं. त्यांनी तो दोनदा वाचला, म्हणाले, "हे लिहायची काय गरज होती?" तिसऱ्या दिवशी तिला नोटीस मिळाली. चौकशी लागली. दुसरी नर्स मिळेपर्यंत काम मात्र तिनंच करायचं होतं.

*

मेच्या दहा तारखेला ती परत टेपवाडी चढली. विसाव्यावर तिनं पिशवी टेकली, पाणी प्याली आणि हाळी न घालता निघाली. डांबरी रस्ता दिसेनासा झाला, करवंदीच्या जाळ्या संपल्या, घसारा मागं पडला. रायबाच्या घराच्या कुडाआड येते तोच आतून जात्याची घरघर ऐकू आली. नाचणी दळत होती गोदूबाई. घरघरीवर आवाज होता.

*तिसरी माझी ओवी, जोडव्याच्या गो बोटाला*
*खरं बोलाया गो, उशीर झाला ओठाला*

तीच ओवी परत. मग पुन्हा. दळताना म्हणतात तशी, कुणाला ऐकवायची म्हणून नव्हे. ही आता वाडीत राहणार. पुढच्या पावसाळ्यात, त्याच्या पुढच्या, आणि दिशा मोठी झाली की तीही दळता दळता शिकणार. त्यात निशिगंधाचं नाव नव्हतं. नावाची गरज नव्हती.

ती कुडाला हात लावून ओवी संपेपर्यंत उभी राहिली. मध्येच आत जायचं तिला धाडस झालं नाही, परत फिरायचंही नाही. मग ती दारात आली. गोदूबाईनं तिला बघितलं. जातं थांबवलं नाही. हातातली मूठभर नाचणी जात्याच्या तोंडात घालून खुंटा फिरवत राहिली.

अमिता ओसरीवर पोरीला घेऊन बसली होती. निशिगंधाने खाली बसून पिशवीतून यंत्र काढलं. अमिताने हात पुढं केला.

"हात नंतर," निशिगंधा म्हणाली.

अमिता क्षणभर तशीच बसली. मग तिनं साडी घोट्यापासून वर घेतली आणि पाय पुढं सरकवले. बोटं मोकळी होती, वण फिकट झालेले. निशिगंधाने नडगीवर अंगठा ठेवला, दाबला, आणि मनात हळूहळू पाचपर्यंत मोजून उचलला.